राणीच्या केसांना कातर

"आबा, तुमाला एका राणीचे केस कातरायचे हायेत," भारत म्हणाला आणि कडूबाच्या हातातली चहाची बशी ओठाशी जाता जाता थांबली.

"कोणाचे?"

"राणीचे. शिनेमातल्या."

चुलीपुढे बसलेली बानाबाई खळखळून हसली. "मेंढरं सोडून आता राण्या कातरायच्या व्हय? उद्या म्हणशील, राजाची दाढी करा."

भारत मात्र हसला नाही. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्याची मालवाहू गाडी चालवायचा, पण सध्या त्याची गाडी शूटिंगवाल्यांनी भाड्याने घेतली होती. वेरूळच्या अलीकडे माळावर त्यांनी एक अख्खा राजवाडा उभा केला होता. प्लायवूडचा आणि प्लास्टरचा, पण लांबून इतका खरा दिसायचा की रस्त्याने जाणारे लोक गाड्या थांबवून उतरायचे आणि एकमेकांना विचारायचे, हा किल्ला आपण इतकी वर्षं पाहिला कसा नाही?

भारतने सगळं नीट समजावून सांगितलं. एका संस्थानाची गोष्ट आहे. रयत राणीविरुद्ध उठते, राजवाड्यात घुसते आणि भर चौकात एक मेंढपाळ आपल्या कातरीने राणीचे केस कापतो. हे काम करायला मुंबईहून एक नट आणला होता. पण त्याला मेंढ्यांची कातर धरताच येईना.

"पान खाणारा सुपारी कातरतो ना, तसं करतंय बगा ते," भारत म्हणाला. "साहेब लई वैतागले. म्हणले, मला खरे हात पाहिजेत. मी म्हणलं, मपल्या आबाचे हात हायेत."

कडूबाला मनातून गुदगुल्या झाल्या. पण बानाबाईचं हसू एव्हाना मावळलं होतं. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "ती राणी झालेली बाई सवाष्ण हाय का?"

"हाय की. लगीन झालंय तिचं."

"मग सवाष्णीच्या डोक्याला मेंढराची कातर लावणार तुमी?"

"अगं माय, विग हाय. खोटे केस. टोपीवानी बसवतेत डोक्यावर."

"नक्की?"

"नक्की. मी डोळ्यानं बगितलाय."

बानाबाई उठली, पदराला हात पुसले आणि तिने नवऱ्याचा उजवा हात धरून सरळ आपल्या डोक्यावर ठेवला. "म्हणा. खरे केस असले तर कातर लावणार नाय."

"आता काय पोरखेळ लावला..."

"म्हणा आधी."

"तुझी शपथ," कडूबा म्हणाला. "खऱ्या केसांना कातर लावणार नाय."

या घरात कोणी उठसूट शपथ घेत नसे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतली त्याच्यावरच ती खोटी झालेली शपथ उलटते, हे कडूबाला कोणी शिकवलेलं नव्हतं. पाणी उताराने वाहतं हे तरी कोणी कुठे शिकवतं? तरीही त्या संध्याकाळी तो हसत हसत शपथ घेऊन मोकळा झाला, कारण भारतने सांगितलं होतं. बाहेरच्या जगातलं कडूबाला जे काही ठाऊक होतं, ते बहुतेक भारतने सांगितलेलंच होतं. ते त्याने कधी दुसऱ्याला विचारून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेटवर त्याचा सराव झाला. मोनिका नावाची एक तरतरीत मुलगी दिग्दर्शकाची सहायक होती. ती मूळची शहरातली, उस्मानपुऱ्यात वाढलेली. बोलता बोलता मराठीतून हिंदीत कधी शिरायची ते तिचं तिलाही कळत नसे. तिने कडूबाला एका लाकडी डोक्यापुढे बसवलं. त्या डोक्यावर लांब काळ्या केसांचा विग होता.

"काका, ये देखो, इथे मानेजवळ एक बट धरायची आणि कानापासून वर जायचं."

कडूबाने कातर चालवली. विगचे केस कोरडे होते, वाळक्या गवतासारखे खरखरले. दिग्दर्शक इंद्रजीत गुडघ्यावर बसून फक्त त्याच्या हातांकडे बघत होता. "हे हात," तो स्वतःशीच म्हणाला. "हेच हात."

पोशाखवाल्यांनी मात्र कडूबाला नापास केलं. बानाबाईने त्याचं धोतर नीळ घालून पांढरंफेक धुतलं होतं. त्यांनी ते काढून घेतलं आणि त्याच्यासमोरच मातीत लोळवलं.

"ओ, आमच्या घरात बायको हाय म्हणलं," कडूबा म्हणाला. "एवढा घाण मेंढपाळ कुठं असतो?"

"असतो काका, सिनेमात असतो," मोनिका म्हणाली आणि सगळे हसले.

दुपारी त्याने तिला ती गोष्ट नीट विचारून घेतली. ज्या बाईला आपण शिक्षा द्यायची, तिने केलं काय, हे आपल्याला ठाऊक असायला नको का? मोनिकाने सांगितलं, की ही खरी घडलेली गोष्ट नाही, रचलेली आहे. राजा मेला, गादीवर अजाण लेकरू, म्हणून कारभार राणीच्या हाती आला. दुष्काळातही शेतसारा माफ झाला नाही. ज्यांनी तो भरला नाही, त्यांच्या बायकांचे केस कापून वेशीवर टांगायचा हुकूम निघाला. मेंढपाळाच्या बायकोचेही गेले.

"हुकूम राणीनंच काढला व्हता का?"

"सही तिची होती."

"वाचून केली व्हती?"

मोनिका जराशी गोंधळली. "ते सिनेमात सांगितलेलंच नाही, काका."

"मग तुमी तिला विचारा ना," कडूबा म्हणाला. मोनिकाला हे इतकं आवडलं की तिने ते जाऊन इंद्रजीतला सांगितलं.

शूटिंगच्या दिवशी माळावर जत्रेसारखी गर्दी होती. आसपासच्या गावांतली माणसं रयत म्हणून आणली होती. कोणाचं घड्याळ काढून घेतलं जात होतं, कोणाचा मोबाइल. आवडाबाई नावाची एक म्हातारी आपली चष्म्याची डबी सोडायला तयार नव्हती. "राणीच्या काळात आंधळ्या बाया नव्हत्या का?" असं ती मोनिकाला ठणकावून विचारत होती. रयतेने दगड घेतलेले हात वर करून "राणी मुर्दाबाद" ओरडायचं होतं. सकाळपासून ओरडून ओरडून निम्म्यांचे घसे बसले होते.

राणीचं काम करणारी अमृता आली ती डोक्यावर पदर घेऊन. जरीचा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. ती वाकून कडूबाच्या पाया पडली.

"अवो, राणीनं पाया पडायचं नसतं," कडूबा म्हणाला.

"शूटिंग सुरू झालं की नाही पडणार," ती म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते. "काका, हात हलू देऊ नका हं. काही झालं तरी."

एवढी मोठी नटी आणि खोट्या केसांना घाबरते, याचं कडूबाला नवल वाटलं. त्याने चौकाच्या कडेला पाहिलं. भारत गाडीला टेकून उभा होता. बापाची नजर वळताच त्याने खिशातून फोन काढला आणि त्यात बघू लागला.

"एकदाच करायचंय!" इंद्रजीत ओरडला. "पुन्हा मिळणार नाही. सगळे तयार?"

कडूबाला वाटलं, विग महाग असेल.

रयतेने राणीला ओढत चौकात आणलं आणि गुडघ्यावर बसवलं. गर्जना उठली. ठरल्याप्रमाणे कडूबा गर्दीतून पुढे आला, त्याने झटक्यात पदर मागे सारला, मानेजवळची एक जाड बट मुठीत घेतली आणि कानापासून वर कातर चालवली.

कातर नेहमीसारखी चालली नाही. खरखर आली नाही. मऊ, दबका आवाज आला, ओल्या लोकरीतून येतो तसा. मुठीतली बट ऊबदार होती आणि तिला तेलाचा वास होता. कडूबाचा हात सवयीने थेट टाळूपर्यंत चालत गेला आणि त्या बाजूच्या लांब केसांचा झुबका त्याच्या पायावर पडला. जिथून तो निघाला तिथे पांढरी कातडी उघडी पडली. कानामागे एक तीळ होता. आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत राणीच्या मानेवर सरसरून काटा उभा राहिला.

खोट्या डोक्यावर काटा येत नाही.

कडूबाच्या कानातला सगळा गलबला एकदम बंद झाला. माणसं तोंडं उघडत होती, हात वर करत होती, पण त्याला काही ऐकू येईना. त्याने डावा हात हळूच अमृताच्या कपाळावर ठेवला. गरम होतं. केस ओढून पाहिले. ते डोक्यातूनच आले होते.

"खरे हायेत," तो म्हणाला. "अवो, हे खरे हायेत!"

"थांबवू नका," इंद्रजीत दबक्या आवाजात कॅमेरावाल्याला म्हणत होता. "चालू ठेव, चेहरा घे त्याचा, चेहरा."

"काका, कापा," अमृता खाली मान घालूनच पुटपुटली. "थांबू नका ना. प्लीज."

"तुमाला... तुमाला ठाऊक हाय?"

"हो. माझेच आहेत. कापा."

कडूबाने कातर जमिनीवर ठेवली. हळूच, आवाज न करता. मग तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले. गर्दीतला आवाज एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत विरत गेला. पहिल्या ओळीतल्या बायकांनी राणीचं अर्धं भादरलेलं डोकं पाहिलं होतं.

"अगं माय गं," आवडाबाई चष्मा घालत म्हणाली. "खरंच कापले की रे! पोरीचं डोकं अर्धं केलं!"

"कट!" इंद्रजीत शेवटी म्हणाला आणि धावत आला. रागावला नव्हता. त्याचे डोळे चमकत होते. "काका, काय चेहरा दिलात! असा चेहरा कोणताही नट देऊ शकला नसता. आता फक्त पुढचं..."

"कोणाकोणाला ठाऊक व्हतं?" कडूबाने विचारलं.

इंद्रजीत सांगू लागला. विग जवळून खोटा दिसत होता. अमृता स्वतःहून म्हणाली, माझे खरे केस घ्या. मग वाटलं, की काकांना आधी सांगितलं तर...

"मी ते नाय विचारलं. कोणाला ठाऊक व्हतं?"

मोनिकाची मान खाली गेली होती. ती रडवेली झाली होती. "काका, मी म्हणत होते सांगूया. पण आम्ही भारतदादांना विचारलं, वडील ऐकतील का. ते म्हणाले, सांगितलं तर आबा कातर उचलणारच नाहीत. सांगूच नका."

कडूबाने भारतकडे पाहिलं. भारत गाडीपासून जवळ आला होता. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"तू म्हणलास?"

"आबा, मला वाटलं, तिचेच केस, तिला चालतंय... आन् तुमचं नाव व्हईल..."

"शपथेच्या वेळी तू तिथंच व्हतास."

"तवा विगच ठरला व्हता, आबा. खरंच. नंतर बदललं."

पण कडूबा आता त्याचं ऐकत नव्हता. त्याच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा धडका मारत होती. कातर लागली. शपथ मोडली. तो हात बानाबाईच्या डोक्यावर होता, आणि बानाबाई या वेळी मेंढरं घेऊन डोंगराच्या अंगाला एकटी होती. तिथे जुनी पडकी विहीर होती. घाटातून भरधाव गाड्या उतरायच्या. त्याला ती पडलेली दिसली, साप चावलेली दिसली, रस्त्याच्या कडेला दिसली. तो राजवाड्याच्या पायरीवर मटकन बसला.

"माणूस पाठवा," तो म्हणाला. "आत्ता. ती ठीक हाय का बगा आधी."

"काकूंना फोन करूया ना," इंद्रजीत म्हणाला.

"तिच्याजवळ फोन नाय. जीप पाठवा. आन् तिला इथं आणा. ती सुटली म्हणंल तर पुढचं बोलू."

"कोण सुटली?"

मोनिकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. शपथ ज्याच्या नावाने घेतली, त्यानेच 'सुटली' म्हणायचं असतं. लहानपणी शाळेत ती आणि तिच्या मैत्रिणी हेच म्हणायच्या. शपथ घालायच्या आणि मग एकमेकींच्या मागे लागायच्या, सुटली म्हण, सुटली म्हण. इंद्रजीतने कपाळाला हात लावला. उन्हं कलायला लागली होती.

"बाकीचं आपण दुसऱ्या कोणाकडून..."

"नाही," अमृता म्हणाली. इतका वेळ ती गुडघ्यावरच बसलेली होती. "दुसऱ्याचे हात नकोत."

मग मोनिका आणि भारत जीप घेऊन गेले. जाताना भारत बापाजवळून गेला, पण कडूबाने मान वर केली नाही.

रयत सावली धरून बसली. अमृता उठून कडूबाच्या पायरीवर येऊन बसली. डोक्याच्या एका बाजूला तिचे केस कमरेपर्यंत लोंबत होते आणि दुसऱ्या बाजूला नुसती खुंटं होती. तिच्याकडे बघवत नव्हतं आणि नजर दुसरीकडेही जात नव्हती.

"मेंढी रडते का हो कातरताना?" तिने विचारलं.

"रडत नाय. पाठ थरथरते तिची."

"मला वाटलं, सगळं माझ्याच हातात आहे," ती म्हणाली. "केस माझे, काम माझं, मीच ठरवणार. त्यात तुमचे हातपण आहेत, हे डोक्यातच आलं नाही."

"तुमी विचारलं असतं तर मी नाय म्हणलो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं, काका."

"व्हय. पण नाय म्हणायचं तरी मला मिळालं असतं ना."

अमृताने आपला हात उघड्या बाजूवरून फिरवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

जीपची धूळ दिसली तेव्हा कडूबा उठून उभा राहिला. जीप थांबली. आधी मोनिका उतरली. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि हातात काठी घेतलेली बानाबाई खाली उतरली. धडधाकट. चांगली तावातावाने चालत. कडूबाच्या छातीतून असा श्वास बाहेर पडला की शेजारी उभा असलेला दिवेवाला दचकून त्याच्याकडे बघायला लागला.

"भारत?" त्याने विचारलं.

"मेंढरामागं ठेवलाय," बानाबाई म्हणाली. "सारं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं, मगच जीपमंदी बसले. म्हणलं, आता वळ मेंढरं. कंपनीच्या पँटला काटे लागू देत."

ती अमृतापुढे येऊन उभी राहिली. मग काठी खाली टाकून तिने दोन्ही हातांनी अमृताची हनुवटी वर केली आणि डोकं इकडून तिकडे वळवून पाहिलं. जखम शोधत होती.

"कातडीला लागलं नाय," ती म्हणाली. "हात बरा हाय अजून तुमचा." मग अमृताला, "कामून गं असं केलंस? नवऱ्याला ठाऊक हाय?"

"आहे, काकू."

"सासूला?"

"तिला सिनेमा आल्यावर कळेल." अमृता क्षणभर हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "त्या राणीच्या सहीनं किती बायकांचे केस गेले. तिचे जाताना खोटेच गेले, असं नको वाटलं मला."

"तुझं वाटणं बरंच हाय," बानाबाई म्हणाली. "पण तुझ्या वाटण्यात मपलं डोकं कामून घातलं?"

गर्दीत कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. अमृताने मान खाली घातली. "चुकलं, काकू."

बानाबाईने इंद्रजीतकडे पाहिलं. तो कॅमेऱ्याकडे बघू लागला. तिने पुन्हा पाहिलं. मग तोही म्हणाला, "चुकलं आमचं."

"आता तिला अर्धं ठिवून घरी कशी धाडायची?" बानाबाई म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "सुटली. झालं? पुरं करा."

"तुला काय व्हणार तर नाय ना?" कडूबाने अगदी हलक्या आवाजात विचारलं. हे त्याने माणसांत विचारायला नको होतं, पण त्याला राहवलं नाही.

"म्हणलं ना सुटली. आन् मी इथंच बसते, बगत राहा मपल्याकडं."

ती अमृताच्या शेजारी मांडी घालून बसली आणि तिने तिचा हात आपल्या हातात घेतला.

"काकू, तुम्ही कॅमेऱ्यात येताय," कॅमेरावाला म्हणाला.

"येऊ दे की. गावातल्याच बाया दाखवताय ना? मी काय विलायतेहून आलेय?"

मोनिकाने धावत येऊन तिच्या पायातली प्लास्टिकची चप्पल तेवढी काढून घेतली.

कडूबाने कातर उचलली. कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून त्याने दोन्ही पात्यांना लावला. जिवंत जनावराला कातर लावण्याआधी तो नेहमी लावायचा. मघाशी मात्र लावला नव्हता, कारण विगला कशाला? मग त्याने डावा तळवा अमृताच्या कपाळावर टेकवला आणि दरवेळी मेंढीला म्हणायचा तेच तिला म्हणाला, "माय, गार लागंल. माफ कर."

कॅमेरा सुरू झाला. "राग, काका!" इंद्रजीत कडेने सांगत होता. "हिनं तुमच्या बायकोचे केस कापलेत! राग दाखवा! लोक ओरडा, मुर्दाबाद!"

कोणी ओरडलं नाही. कडूबाने राग दाखवला नाही. त्याला तो शोधूनही सापडला नसता. ज्याच्यावर राग होता तो इथे नव्हता. त्याने बोटांनी कातडी ताणून धरली आणि कपाळापासून मागे, कानापासून वर, घाई न करता कातर नेली. अमृताची पाठ थरथरत होती. थरथर वाढली की तो थांबायचा, ती ओसरली की पुन्हा सुरू करायचा. केस पडत राहिले. बानाबाई ते उचलून आपल्या ओटीत गोळा करत राहिली, पायदळी येऊ नयेत म्हणून. रयत म्हणून आणलेली माणसं दगड हातात घेऊन उभी होती. एकेकाने तो दगड खाली टाकला; कोणी सांगितलं नव्हतं तरी.

काम संपलं तेव्हा 'कट' म्हणायचं इंद्रजीतला बराच वेळ सुचलं नाही. तो कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होता आणि त्याने लिहिलेल्या गोष्टीत हे असं नव्हतंच.

अमृता उठली. तिने डोक्यावरून हात फिरवला, या वेळी दोन्ही बाजूंनी. बानाबाईने केस तिच्या हाती दिले. "नदीला सोड," ती म्हणाली. "कचऱ्यात टाकू नको." एवढं बोलून तिने काठी उचलली.

मोनिकाने दोघांना जीपने डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. उन्हं जवळजवळ उतरली होती. भारतने मेंढरं जाळीच्या वाघरीत कोंडून ठेवली होती, व्यवस्थित, एकही बाहेर नव्हतं. त्याच्या पँटला काटे होते आणि हाताला ओरखडे. बापाला बघून तो वाटेत येऊन उभा राहिला.

"आबा, मारा वाटलं तर. पण बोला."

कडूबाने वाघरीची दोरी तपासली. गाठ बरोबर बसली होती. लहानपणी त्यानेच शिकवलेली.

"पाणी पाजलंस का?" त्याने विचारलं.

"पाजलं."

कडूबा दोरीवरून हात काढून उभा राहिला. त्याने मेंढरांकडे पाहिलं. ती खाली बसून रवंथ करत होती, तोंडं ओली होती. तरी तो हौदापर्यंत चालत गेला, वाकला आणि कडेची माती बोटाने चाचपून आला. भारत बघत राहिला.

"आबा," तो म्हणाला, "साहेबांचा फोन आला व्हता. उद्या सकाळी परत तुमाला न्यायला गाडी येणार हाय. दोनच मिनिटाचं काम हाय म्हणले. नुसतं चालत यायचं."

कडूबा बानाबाईकडे वळला.

"खरंच येणार हाय का गं?"

बानाबाईने पोराकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"येणार हाय," अखेरीस ती म्हणाली. "मला मोनिकानं सांगितलं."